दिवस मोजणारा उमर

उमरखय्याम म्हटले की पांढरपेशा मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे काय येते? झाडाची सावली, सुरई, पेला आणि शेजारी साकी! आमच्या गिरगावच्या चाळीत तर वडीलधाऱ्यांसमोर त्याचे नाव काढायची सोय नव्हती. “दारूची गाणी ती; परीक्षा झाल्यावर वाचा,” असे शेजारचे काका बजावीत. परीक्षा झाल्यावर मी ती वाचली, आणि गाण्यांपेक्षा त्या माणसाविषयीचेच कुतूहल बळावले.

उमर १०४८ साली इराणातल्या निशापूरला जन्मला. खय्याम म्हणजे तंबू शिवणारा. पण हे गृहस्थ रमले ते गणितात आणि ग्रहताऱ्यांत. घन समीकरणे वक्ररेषांच्या छेदाने सोडविण्याची पद्धतशीर मांडणी त्याने केली. सुलतान मलिकशहाने पंचांग सुधारण्यासाठी इस्फहानला विद्वान जमविले, त्यांत तो होता. १०७९ साली त्यांचे जलाली पंचांग सुरू झाले. वसंतसंपाताला नवे वर्ष, हा त्याचा नियम.

यात काय मोठेसे, असे ज्याला वाटेल त्याने दादरच्या पारशी कॉलनीत डोकवावे. तिथे २१ मार्चच्या सुमारास जमशेदी नवरोज, आणि ऑगस्टात पुन्हा नववर्ष! कारण शहेनशाही वर्ष नेमके ३६५ दिवसांचे; वरचा पाव दिवस हिशेबात नाही, म्हणून ते दर चार वर्षांनी एक दिवस मागे सरकते. नवरोजने मात्र वसंत सोडलेला नाही. आपल्याकडे अधिक महिन्याची सोय नसती, तर दिवाळीही सरकत सरकत भर पावसात आली असती नि आकाशकंदील भिजले असते!

हा उमर मराठीत आणला माधव जूलियन यांनी. मुंबईच्या एल्फिन्स्टन कॉलेजातून एम. ए. झालेले हे फार्शीचे प्राध्यापक. १९२५ साली त्यांनी फार्शी-मराठी कोश केला, १९२९ साली मूळ फार्शीवरून रुबाया मराठीत उतरविल्या आणि १९३१ साली फिट्झजेराल्डच्या इंग्रजी उमरवरून ‘द्राक्षकन्या’ लिहिली. पुढे याच पंडिताने ‘भाषाशुद्धि-विवेक’ लिहून मराठीतले फार्शी शब्द वेचून काढायचा आग्रह धरला. १९३९ साली ते वारले. ‘मधुलहरी’ हा त्यांचा आणखी एक उमर १९४० साली प्रसिद्ध झाला. म्हणजे शब्द परके ठरले, तरी कवी काही परका झाला नाही.

उमरच्या नावावरच्या रुबायांपैकी खऱ्या कोणत्या, हा वाद विद्वानांत अजून आहे. फिट्झजेराल्डने तर १८५९ साली निवडक रुबाया आपल्या मर्जीने ओवून त्यांचा एक दिवस रचला. आपण त्यातली सुरई तेवढी उचलली, आणि ‘खा, प्या, मजा करा’ असे त्याच्या तोंडी घातले.

मला हे पटत नाही. वर्षातला पाव दिवस निसटू नये म्हणून जो आकाशाकडे डोळे लावून बसला, तो दिवस उधळायला कसा सांगेल? आजचा दिवस हातचा जाऊ देऊ नकोस, एवढेच त्याचे सांगणे असावे. काकांची भीती सोडून, या दिवाळीच्या सुट्टीत जुन्या ग्रंथालयातून माधव जूलियनांचा उमर मिळतो का पाहा. घरातल्या तरुण मंडळींनाही वाचू द्या. परीक्षेच्या आधी वाचला तरी चालेल.