तेलाची पूड: जवस, कोंडा आणि गोंदियाचे शहाणपण

बांधीत धान पिवळे पडू लागते, पण खालची ओल अजून गेलेली नसते. तेव्हाच गोंदिया जिल्ह्यातले शेतकरी उभ्या पिकात जवस आणि लाखोरी फेकतात. ही उतेऱ्याची पद्धत. वेगळी नांगरणी नाही, वेगळे पाणी नाही. धान निघाल्यावर उरलेल्या ओलीवर पीक तरारते. आधुनिक स्वयंपाकघरात तेलाची पूड करतात, त्या तंत्राची ताकद आणि मर्यादा दोन्ही या जवसावर नीट तपासता येतात.

हे तंत्र गेल्या काही दशकांत नव्या शेफनी लोकप्रिय केले. त्यात स्पेनच्या 'एल बुली'चे फेरान आद्रिया अग्रभागी. साबुदाणा ज्या कंदापासून होतो, त्याच्याच स्टार्चवर प्रक्रिया करून एक अतिशय हलके, सच्छिद्र माल्टोडेक्स्ट्रिन तयार करतात. त्यात तेलाची बारीक धार सोडत ढवळायचे आणि मिश्रण चाळणीतून घासून काढायचे. आच लागत नाही. तेल कणांच्या पृष्ठभागावर आणि पोकळ्यांत धरले जाते, हाताला कोरडी पूड लागते. जिभेवर लाळेत माल्टोडेक्स्ट्रिन विरघळते आणि तेल मोकळे होते. मात्र पाण्याचा एक थेंबही आधी लागला, तर पुडीचा चिकट गोळा होतो.

जवसाच्या तेलाला ही युक्ती मानवत नाही. त्याच्या निम्म्याच्या आसपास भाग अल्फा-लिनोलेनिक आम्लाचा, म्हणजे ओमेगा-३ चा असतो. हवेतल्या ऑक्सिजनशी ते झपाट्याने संयोग पावते. याच गुणामुळे ते रंगांत आणि लिनोलियमच्या फरशीत वापरले गेले. खाण्यासाठी मात्र तोच गुण खवटपणा आणतो. पूड केली की तेलाचा हवेशी येणारा संपर्क कितीतरी पटींनी वाढतो. म्हणून अशी पूड ताटात वाढायच्या वेळीच करावी, साठवू नये. उद्योगात टिकाऊ पूड करायची असते, तेव्हा रीत बदलते: डिंक आणि माल्टोडेक्स्ट्रिनच्या पाण्यात तेलाचे सूक्ष्म थेंब घोटतात आणि गरम हवेत फवारून सुकवतात. प्रत्येक थेंबाभोवती एक भिंत उभी राहते.

ही भिंत निसर्गाने जवसाच्या दाण्यात आधीच बांधलेली आहे. दाण्यात साधारण ३५ ते ४५ टक्के तेल असते. ते प्रथिनांच्या पातळ आवरणातल्या सूक्ष्म थेंबांत विखुरलेले आणि वरून टणक सालीत बंद. म्हणून अख्खा दाणा महिनोन्महिने टिकतो. घराघरांतली जवसाची चटणी याच रचनेचा उपयोग करते. दाणे भाजले की ओलावा जातो, कच्च्या जवसातले काही अपायकारक घटक कमी होतात. मग लसूण, तिखट, मीठ घालून कुटायचे. बोटांना भुरभुरीत लागणाऱ्या या चटणीत वजनाच्या तिसऱ्या हिश्श्याइतके तेल असू शकते. ती थोडी थोडी कुटण्याची आपल्या आया-आज्यांची सवय शास्त्रालाही धरून आहे.

गोंदियाच्या भातगिरण्यांतून निघणारा कोंडा हीसुद्धा तेल धरलेली पूडच. त्यात साधारण १५ ते २० टक्के तेल असते. पण भात सडताना कोंड्यातले लायपेज हे विकर तेलाला भिडते आणि काही तासांतच तेल बिघडू लागते. कोंडा लगेच तापवला, तर ही क्रिया थांबते. उकड्या तांदळाच्या कोंड्यात ती उकडण्याच्या वेळीच बरीचशी थांबलेली असते.

तेलाला पुडीचे रूप देणे सोपे आहे. त्याला हवा, पाणी आणि विकरांपासून जपणे हे खरे काम आहे. नागपूरला १९४२ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण तंत्रज्ञान संस्थेत तेल तंत्रज्ञान शिकवले जाते, आणि गोंदिया तिथून दूर नाही. उतेऱ्याच्या जवसाची भाजणी, गिरणीतच कोंडा तापवण्याची सोय आणि चांगले हवाबंद पॅकिंग एवढ्यावर हे ज्ञान गावात लावता येईल. तसे झाले, तर जिल्ह्याच्या तेलाचे मोल जिल्ह्यातच वाढेल.