न मागितलेले निरोप

गोदाकांठच्या गंगाखेड परिसरांत सोयाबीनची काढणी आली, कीं शेतकऱ्याचें लक्ष आभाळाकडे व हातांतील मोबाइलकडे सारखेंच लागलेलें असतें. परभणीच्या कृषि विद्यापीठाचा हवामानसल्लाही आतां तेथेंच वाचावयास मिळतो. परंतु कर्ज, कापड व भूखंड यांच्या जाहिरातींची गर्दी इतकी, कीं कामाचा निरोप तींत दडून जातो. गतवर्षीं पावसाचा इशारा आमच्याही नजरेंतून असाच सुटला, आणि न झांकलेली सुडी भिजली.

हा उपद्रव निमूटपणें सोसण्याचें कारण नाहीं. दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या २०१८ च्या नियमांनीं जाहिराती नाकारण्याचा अधिकार ग्राहकांस दिला आहे. १९०९ या क्रमांकास इंग्रजी लिपींत ‘स्टार्ट ०’ असा संदेश धाडावा. नोंद झाल्यावरही जाहिरात आल्यास ७ दिवसांचे आंत तेथेंच तक्रार करावी. २०२५ पूर्वीं ही मुदत ३ दिवसांचीच होती. पाठविणाराच्या नांवाअखेर इंग्रजी ‘पी’ अक्षर असेल तर ती जाहिरात समजावी, ‘जी’ असेल तर सरकारी संदेश. तो मात्र अवश्य वाचावा.

शेतांतील तण आपण वेळींच खुरपतों. हेंही तणच होय.