मोबाइलने सांगितलेले पथ्य

गेल्या महिन्यात रात्री अकराच्या सुमारास एका निवृत्त शिक्षकांना त्यांच्या मुलाने दवाखान्यात आणले. अंग घामाने निथळत होते, बोलणे असंबद्ध. रक्तातील साखर अवघी 48. शिरेतून ग्लुकोज दिल्यावर मास्तर भानावर आले आणि हकीकत कळली. वजन कमी कसे करावे, असे त्यांनी मोबाइलमधील कृत्रिम बुद्धिमत्तेला विचारले होते. संध्याकाळी सहानंतर खाऊ नका, असे उत्तर आले. मास्तरांनी रात्रीचे जेवण बंद केले, पण जेवणाआधीची ग्लिमेपिराइडची गोळी नेमाने घेत राहिले. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, स्वादुपिंडाला इन्शुलिन सोडायला लावते. औषधे कोणती चालू आहेत, हे मोबाइलने विचारले नाही आणि मास्तरांनी सांगितले नाही.

माझ्या परिचयातील एक आहारतज्ज्ञ मुलगी आहे. बारा वर्षे तिने रुग्णालयात मधुमेही रुग्णांना आहार समजावून सांगितला. आता ती आरोग्याची ॲप्स आणि ही कृत्रिम बुद्धिमत्ता माणसाच्या सोयीची कशी करता येईल, या संशोधनाकडे वळली आहे. चांगले चाललेले काम सोडून ही कॉम्प्युटरच्या नादी का लागली, असे मलाही वाटले होते. मास्तरांचा प्रसंग सांगितला तेव्हा ती म्हणाली, "काका, लोक आमच्याकडे येण्याआधी मोबाइलला विचारून येतात. तिथे काय सांगितले जाते, हे बघायला आमच्यापैकी कोणी नको का?"

आहारतज्ज्ञाचे खरे कौशल्य तक्ता देण्यात नसून विचारण्यात असते. काल सकाळी उठल्यापासून काय काय पोटात गेले? चहा किती वेळा, साखर किती चमचे? घरात माणसे किती आणि महिन्याला तेल किती लागते? ताटाचा फोटो काढला की कॅलरी सांगणारी ॲप्स निघाली आहेत. पण भरल्या वांग्यात मुरलेले तेल फोटोत कसे दिसणार? 15 मिलिलिटरचा एक मोठा चमचा तेल म्हणजे सुमारे 120 कॅलरी. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने 2017 मध्ये 528 भारतीय खाद्यपदार्थांच्या घटकांचे तक्ते प्रसिद्ध केले. पण आमटी प्रत्येक घरची निराळी!

म्हणून ही मुलगी लोकांच्या घरी जाऊन बसते. त्यांच्या हातात ॲप देते आणि मुकाट्याने पाहते. कुठे अडतात, काय लपवतात, कोणता प्रश्न त्यांना कळतच नाही, हे टिपून ठेवते. पथ्य सासऱ्यांचे, स्वयंपाक सुनेचा आणि मोबाइल नातवाचा, असा प्रकार घरोघरी असतो. मग सल्ला नेमका कोणाला द्यायचा?

न विचारण्याचा परिणाम अमेरिकेतही दिसला. 'ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन : क्लिनिकल केसेस' या नियतकालिकात 2025 मध्ये साठ वर्षांच्या एका गृहस्थांची हकीकत आली. चॅट-जीपीटीशी सल्लामसलत करून त्यांनी तीन महिने मिठाऐवजी सोडियम ब्रोमाइड खाल्ले. भ्रम आणि संशय इतका वाढला की रुग्णालयात दाखल करावे लागले. डॉक्टरांनी तसाच प्रश्न विचारून पाहिला, तेव्हा उत्तरात ब्रोमाइड आले. पण हे तुम्हाला कशासाठी हवे, असे यंत्राने विचारले नाही.

यंत्राला नावे ठेवून मी थांबणार होतो. तेवढ्यात ती माझ्या टेबलाकडे बघून हसली. तिथे छापील आहारतक्त्यांचा गठ्ठा होता, सर्वांना एकच. त्यात ओट्स आणि ऑलिव्ह तेलही होते! मास्तरांना तोच तक्ता मी दिला होता आणि रात्री किती वाजता जेवता, हे मीही विचारले नव्हते.

साखरेच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारे, मूत्रपिंडाचे रुग्ण आणि गरोदर स्त्रिया यांनी मोबाइलवरून जेवणाची वेळ वा प्रमाण परस्पर बदलू नये. त्याने काय सांगितले ते दाखवायला मोबाइल दवाखान्यात घेऊन यावे, डॉक्टर रागावणार नाहीत. सोबत औषधांची पाकिटे आणावीत आणि घरी स्वयंपाक जे करते, त्या व्यक्तीलाही आणावे.