मोटारीच्या पाण्याचा पहारेकरी

१८८८ सालीं बर्था बेंझ ही बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, नवऱ्यानें बनविलेल्या तीनचाकी मोटारींतून जर्मनींतील मानहाइमहून फोर्झहाइमला गेली. वाट सुमारें १०० किलोमीटरांची; परंतु इंजिन थंड ठेवणारें पाणी वाफ होऊन उडून जाई, म्हणून वाटेंत जेथें मिळेल तेथें तें पुन्हा भरावें लागे. आज मोटारींतील पाणी, किंवा ज्यास कूलंट म्हणतात तें मिश्रण, बंद मार्गानें फिरतें व महिनोन्‌महिने पुरतें. त्यामुळें तें आहे कीं नाहीं हें पाहण्याची संवयच मोडली आहे.

कित्येक पालक म्हणतील कीं, समोर उष्णता दाखविणारा कांटा असतां आणखी पहारेकरी कशाला? प्रश्न रास्त आहे, व त्याचें उत्तर वरच्या वर्गांतील कोणाही विद्यार्थ्यास देतां यावें. कांट्याला खबर पुरविणारें बोंड कूलंटमध्यें बुडालेलें असतें; आपल्या भोंवतीं जें असेल त्याचीच उष्णता तें सांगतें. रबरी नळी फुटून कूलंट वाहून गेलें म्हणजे त्याच्या भोंवतीं हवा व वाफ उरते, आणि हवा धातूची उष्णता पाण्याइतकी सहज पोंचवीत नाहीं. पातेल्यांतलें पाणी किती तापलें हें पाहावयास बोट पाण्यांतच बुडवावें लागतें. रिकाम्या पातेल्यावर धरलेलें बोट बुडाची आंच काय सांगणार? तसेंच येथें होतें. इंजिन आंतून भयंकर तापत असतां कांटा पुष्कळदां जागचा हालत नाहीं. मग अल्युमिनियमचें सिलिंडर-हेड वांकतें, त्याखालचें गॅस्केट जळतें, आणि कुटुंबाची मोटार भर रस्त्यांत उभी राहते. म्हणून उष्णता मोजण्याआधीं पाण्याची पातळीच पाहणारा कोणी हवा.

असे पहारेकरी मुख्यतः तीन जातींचे आहेत. पहिल्यांत तरंगणाऱ्या बोंडांत लोहचुंबक असतें व शेजारीं कांचेच्या बारीक नळींत दोन लोखंडी पात्या. चुंबक जवळ आला कीं पात्या जुळतात, दूर गेला कीं सुटतात. ही युक्ति १९३६ सालीं अमेरिकेंतील बेल टेलिफोन प्रयोगशाळेंत एलवुड यांनीं काढिली. दुसऱ्यांत स्टेनलेस स्टीलची एक सळई कूलंटमध्यें बुडवितात; कूलंट विजेस वाट देतें, तें खालीं गेलें कीं वाट तुटते. (ज्यांत पाणी मुळींच नाहीं असें कूलंट बाजारांत मिळतें; त्यांत ही सळई निकामी.) तिसरा प्रकार प्लास्टिकच्या बाटलीस बाहेरूनच चिकटवितात. नवशिक्यास हाच बरा, कारण त्यासाठीं भोंक पाडावें लागत नाहीं.

परंतु कोणत्या बाटलीस? येथेंच बहुतेकांची फसगत होते. कांहीं मोटारींत बाटली दाबाखालीं असून कूलंट तींतूनच फिरतें. तेथें पहारेकरी बाटलीवर बसविणें योग्य. इतर मोटारींत मात्र बाटली नुसती सांठवणीची असते. इंजिन थंड होतांना रेडिएटर तींतून पाणी ओढून घेतो. पण रेडिएटरलाच गळती असली तर तो पाण्याऐवजीं हवा ओढतो. बाटली भरलेली व रेडिएटर रिकामा! अशा मोटारींत सळई रेडिएटरच्या वरच्या टांकींतच हवी, आणि तें काम कुशल कारागिराचें. दाबाखालील प्लास्टिकच्या बाटलीस आपल्या हातांनीं भोंक पाडण्याच्या भरीस तर कोणीं पडूं नये. पुष्कळ मोटारींस कारखान्यांतूनच असा इशारा दिलेला असतो. म्हणून प्रथम मोटारीचें माहितीपुस्तक चाळावें, तें कोणी चाळीत नाहीं ही गोष्ट निराळी.

किल्ली फिरविल्यावरच ज्या तारेंत वीज येते तिच्यापासून, जवळच लहानसा फ्यूज घालून, १२ व्होल्टांचा प्रवाह घ्यावा. तार पत्र्यांतून आंत नेतांना भोंकास रबरी कडें बसवावें, नाहींतर पत्र्याची धार तिचें आवरण कापते. जोडणी अशी निवडावी कीं, बाटली भरली असतां मंडल पुरें राहील व पातळी उतरतांच तुटेल. मग तार तुटली तरी भोंगा वाजेल. उलट जोडणींत तुटलेली तार मुकाट्यानें बसते, आणि मुका पहारेकरी नसलेल्यापेक्षां वाईट. बोरघाटासारख्या वळणांवर कूलंट हिंदकळून भोंगा उगाच ओरडतो, यास्तव पातळी कांहीं सेकंद सतत खालीं राहिल्यावरच इशारा देणारें यंत्र घ्यावें. बसवून झालें कीं थंड इंजिनांत थोडें कूलंट काढून परीक्षा पाहावी.

भोंगा वाजला तर मोटार बाजूस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें, परंतु टोपणास हात लावूं नये. समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळणारें पाणी, एका वातावरणाचा जादा दाब असतां, सुमारें १२० अंशांपर्यंत पाणीच राहतें. टोपण उघडतांच दाब सुटून तें तत्क्षणीं उसळतें व तोंड-हात भाजून काढतें. इंजिन हातास पुरतें थंड लागेपर्यंत थांबावें, मग घाई कितीही असो. आणि जमिनीवर सांडलेलें कूलंट धुऊन-पुसून टाकावें. त्यांतील एथिलीन ग्लायकॉल चवीस गोड पण विषारी असतें, व दारचें कुत्रें तें चाटावयास जातें.