बोअरचं स्वच्छ पाणी तासाभरात पिवळं का पडतं?

बोअरचं पाणी बादलीत भरताना अगदी स्वच्छ दिसतं. थोड्या वेळाने ते पिवळसर होतं आणि सकाळी तळाशी तांबूस गाळ बसतो. पाणी खराब झालं, असं वाटतं. खरं तर तेव्हा शुद्धीकरणाची पहिली पायरी आपोआप सुरू झालेली असते. तिला म्हणतात एरेशन, म्हणजेच वायुमिश्रण.

नेमकं काय घडतं?

जमिनीत खोलवर ऑक्सिजन फारसा नसतो. तिथे लोह पाण्यात विरघळलेलं असतं, म्हणून ते दिसत नाही आणि वाळूच्या फिल्टरमध्येही अडकत नाही. हवा लागली की त्याचे गंजासारखे कण बनतात. हे कण मात्र गाळता येतात. १ ग्रॅम ऑक्सिजन सुमारे ७ ग्रॅम लोहासाठी पुरतो. लिटरमागे ०.३ मिलिग्रॅमपेक्षा जास्त लोह असेल, तर कपड्यांवर आणि भांड्यांवर डाग पडू लागतात.

केंद्रात पाणी पायऱ्यांवरून का सोडतात?

अनेक जलशुद्धीकरण केंद्रांत तुरटी टाकण्याआधी पाणी गोल पायऱ्यांवरून खाली सोडलेलं दिसतं. ही सजावट नाही. पातळ थरात पसरलेल्या पाण्याचा हवेशी जास्त संपर्क येतो. ऑक्सिजन आत जातो, तर कार्बन डायऑक्साइड आणि सडक्या अंड्यासारखा वास देणारा हायड्रोजन सल्फाइड बाहेर पडतो. उन्हाळ्यात धरणाच्या तळाच्या पाण्यात ऑक्सिजन कमी होतो, तेव्हा ही पायरी जास्त उपयोगी पडते.

ही पायरी वगळली तर?

पुढे जंतू मारण्यासाठी क्लोरीन टाकतात. पण लोह आणि हायड्रोजन सल्फाइड पाण्यात शिल्लक असतील, तर क्लोरीन आधी त्यांच्यावरच खर्च होतो. डोस तेवढाच ठेवला, तर जंतूंसाठी तो अपुरा पडू शकतो. म्हणजे प्रश्न फक्त रंग आणि वासाचा नाही, आरोग्याचाही आहे.

एरेशनने काय होत नाही?

जंतू मरत नाहीत. फ्लोराइड, नायट्रेट आणि क्षारही निघत नाहीत. मँगनीज काढायला नुसती हवा सहसा पुरत नाही. त्यासाठी पाण्याचा सामू बराच वाढवावा लागतो किंवा वेगळं रसायन वापरावं लागतं.

त्यामुळे घरी बोअरचं पाणी रात्रभर ठेवून, गाळून घेतलं तर रंग जाईल, पण तेवढ्याने ते पिण्यायोग्य ठरत नाही. आधी प्रयोगशाळेत तपासणी करून घ्या आणि पिण्यासाठी ते उकळा किंवा त्यात योग्य प्रमाणात क्लोरीन टाका. मात्र तपासणीत फ्लोराइड किंवा नायट्रेट जास्त आढळलं, तर उकळूनही उपयोग नाही. तेव्हा पिण्यासाठी दुसरा स्रोत किंवा वेगळी प्रक्रिया लागते.