फळ्यावरची मधमाशी

प्राथमिक शाळेच्या वर्गात मधमाशी येते ती बहुधा उपदेश घेऊनच. ती उद्योगी आहे, ती संचय करते, सबब मुलांनीही तसेच वागावे, असा पाठ होतो. फळ्यावर एक षट्कोन काढला जातो. पुठ्ठ्याचे पंख लावून दोनचार मुले गुणगुणत वर्गभर फिरतात आणि तास संपतो. मुलांना मौज वाटते, आणि मौजेला शाळेत स्थान असावे याविषयी दुमत नाही. परंतु या साऱ्या खटाटोपात खुद्द मधमाशीला कोणी काही विचारलेले नसते.

इंग्लंडमधील डेव्हन परगण्यातल्या ब्लॅकॉटन या खेड्यातील मुलांनी ते विचारले. 8 ते 10 वर्षे वयाच्या 25 मुलांनी, बो लोटो या संशोधकाच्या आणि आपल्या शिक्षकांच्या साहाय्याने, गावच्या जुन्या चर्चमध्ये बंबलबी जातीच्या केसाळ, गुबगुबीत माश्यांवर प्रयोग केला. एका पारदर्शक पेटीत रंगीत दिव्यांची ‘फुले’ मांडली. एका चौकटीत निळ्यांच्या वेढ्यात चार पिवळी, तर दुसरीत पिवळ्यांच्या वेढ्यात चार निळी. मधल्या चारांत साखरेचे पाणी, कडेच्यांत खारट. म्हणजे नुसता रंग पाठ करून माशीचे भागणार नव्हते. पुढे फुले रिकामी ठेवून परीक्षा घेतली, तेव्हा माश्या दहापैकी सुमारे नऊ वेळा योग्य फुलांवर उतरल्या. मग मुलांनी मधली फुले हिरवी केली, आणि माश्यांचा मधल्या फुलांकडचा ओढा नाहीसा झाला. तेव्हा ‘मधे जा’ एवढेच त्या शिकल्या होत्या असेही म्हणता येईना. शिवाय प्रत्येक माशीची निवडण्याची तऱ्हा थोडी निराळी निघाली. हा निबंध डिसेंबर 2010 मध्ये रॉयल सोसायटीच्या ‘बायॉलॉजी लेटर्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. त्यातील आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या आहेत आणि संदर्भग्रंथांची यादी मुळीच नाही.

आपल्याकडे असे संशोधक दारी येत नाहीत, आणि पन्नास-साठ मुलांच्या वर्गात पेटी मांडणेही दुरापास्त, हा आक्षेप खरा आहे. पण आड येतो तो खर्च नव्हे. भोपळ्याच्या वेलावर नरफूल व मादीफूल वेगवेगळे असते. एकावरील पराग दुसऱ्यावर नेण्याचे काम माश्यांवाचून होत नाही. शाळेच्या कुंपणावर एक वेल चढवावा. मादीफुलाची कळी उमलण्यापूर्वी तिच्यावर जुन्या मलमलीची पिशवी बांधावी, शेजारची तशीच ठेवावी. झाकलेल्या फुलामागचा इवला भोपळा काही दिवसांत पिवळा पडून गळतो. उघड्याचा बहुधा वाढू लागतो. दोनचार जोड्यांवर हे करून पाहिले म्हणजे संशय उरत नाही.

या भोपळ्यात अर्थशास्त्राचाही धडा आहे. सफरचंदाचा बागाईतदार माश्यांना मध पुरवितो, पण त्याचा मोबदला त्याला मिळत नाही, हे उदाहरण जेम्स मीड यांनी 1952 मध्ये दिले आणि ते पाठ्यपुस्तकांत रूढ झाले. पुढे 1973 मध्ये स्टीव्हन चुंग यांनी दाखविले, की अमेरिकेच्या वॉशिंग्टन राज्यात बागाईतदार व मधपाळ यांच्यात रीतसर करार होतात आणि पेट्यांना भाडे पडते. मीड यांना बागेत जाऊन विचारण्याची गरज वाटली नव्हती, असे म्हणावे लागते. पदवीच्या वर्गातही हे उदाहरण पाठ करून लिहिले जाते. माशी फुलावर किती वेळ बसते हे पाहिलेला विद्यार्थी विरळाच.

माश्यांच्या भीतीचा प्रश्न मात्र टाळता येणार नाही. उघड्यावर, उंच फांदीला एकच मोठे पोळे बांधणारी आग्या आणि झाडाच्या ढोलीत राहणारी, पेटीत पाळता येणारी सातेरी यांतील भेद मुलांना पहिल्याच दिवशी सांगितला पाहिजे. आग्याच्या पोळ्याकडे दगड मारू नये हे ऐकणाऱ्या मुलाला सातेरीपासून काही हातांवर शांत उभे राहता येते हेही कळावे. महाबळेश्वरच्या परिसरात पेट्यांतील मधपालन पिढ्यान्‌पिढ्या चालत आले आहे आणि पुण्यात मधमाशी संशोधनाची केंद्रीय संस्था 1962 पासून आहे. तेव्हा विचारायचे कोणाला, ही अडचण महाराष्ट्रातल्या शिक्षकाने सांगण्यासारखी नाही.

भोपळ्याचे फूल पहाटे उमलते आणि दुपारच्या आत मिटते, त्यामुळे सकाळची शाळा या कामी सोयीची. पिशवी मात्र आदल्या संध्याकाळी बांधावी लागते आणि तेव्हा फाटकाला कुलूप असते. किल्ली कोणत्या मुलाकडे द्यावी, एवढे मुख्याध्यापकांनी ठरवावयाचे आहे.