जोड लावणारा माणूस

कुस्त्यांच्या मैदानाला गेलेला माणूस हौद्याकडे बघतो. लाल माती, हलगीचा कडकडाट, शड्डूचा आवाज. मीही पूर्वी तेच बघायचो. पण गेली वीसेक वर्षं माझी जागा हौद्याच्या कडेला, माइकपाशी आहे, आणि तिथून मांडवाची मागची बाजू दिसते. तिथं एक लोखंडी टेबल असतं. टेबलावर एक वही, दोन-तीन मोबाइल, चहाचे कप आणि भोवती चार-पाच माणसं. संध्याकाळी जी कुस्ती लागणार, तिची निम्मी हकिकत दुपारीच त्या वहीत उतरलेली असते. निकाल नव्हे. निकाल मातीत लागतो, निदान लागावा अशी अपेक्षा असते. पण कोण कुणाशी, किती इनामावर, कितव्या नंबरला आणि कुणाच्या नावानं लढणार, हे सगळं त्या टेबलावर ठरतं. आज त्या टेबलाविषयी सांगायचं आहे.

मी भोसरीचा. एमआयडीसीतल्या एका कारखान्याच्या टाइम ऑफिसात नोकरी आणि उरलेल्या वेळात कविता. कुस्ती आयुष्यात एकदाच खेळलो, शाळेत असताना, रेवड्यांवर. रेवड्या समोरच्यानं खाल्ल्या. माइक हाती आला तो आवाजामुळं. यात्रा कमिटीतला एक जण म्हणाला, “शायर, नाहीतरी तुम्ही मोठ्यानं वाचता. आमची नावं पुकारा.” तेव्हापासून भोसरी, चाकण, खेड, मावळ या पट्ट्यातल्या पुष्कळ जत्रांत नावं पुकारली.

पहिला धडा मिळाला तो भाषेचाच. कुस्ती आणि पैलवान हे शब्द फारसीतून आले, तालीम आणि खलिफा अरबीतून. वस्ताद म्हणजे उस्ताद. आणि हे सगळे शब्द रोज तोंडात असलेला माणूस तालमीत पाऊल ठेवताना आधी मारुतीच्या पाया पडतो. इथं मला वेगळी जोड लावावी लागली नाही, ती आधीच लागलेली होती.

भोसरीची शेतं गेली, शेड आल्या, पुणे-नाशिक रस्त्यावर चालायला जागा उरली नाही. पण चैत्रात भैरवनाथाचा उत्सव आला की आखाडा भरतोच. महापालिकेचं मॅटचं कुस्ती संकुलही गावात आहे. मॅटवरच्या कुस्तीला वजनाचा काटा असतो, गुणफलक असतो. मातीतल्या मैदानाला यातलं काही नसतं. तिथं काटा म्हणजे जोड लावणाऱ्याची नजर.

ही जोड लागते कशी? मैदानाच्या कुस्त्या दोन तऱ्हेच्या. काही आधी नेमलेल्या. त्यांची पत्रिका छापतात, पैलवानांचे फोटो टाकतात, चौकाचौकांत फलक लावतात. बाकीच्या ऐनवेळी. दुपारी पोरं लंगोट कसून रांगेत उभी राहतात. जोड लावणारा रांगेतून फिरतो. एकाचा दंड दाबून बघतो, दुसऱ्याची मान. मग दोघांना समोरासमोर आणून हात मिळवायला लावतो. उंची, वजन, वय हे तर झालंच. पण खरी तपासणी वेगळीच. कोण कुठल्या तालमीचा? किती हंगाम खेळला? मागच्या आठवड्यात पडला की मारून आला? पडून आलेल्या पोराला लगेच भारी जोड दिली तर ते मनातून मोडतं. सलग मारत आलेल्याला हलकी जोड दिली तर ते चढून बसतं. पोराचा वस्ताद कडेला उभा असतो. त्यानं नुसती मान हलवली की जोड मोडते. त्याला कारण विचारत नाहीत.

या वस्तादाला कागदावर कसलाही हुद्दा नाही, पण पैलवानाच्या आयुष्याची आखणी त्याच्याकडे. कुठलं मैदान घ्यायचं, कुठलं सोडायचं, पंजाब-हरियाणाकडून आलेल्या पैलवानापुढं आपला पठ्ठ्या यंदा उभा करायचा की दोन वर्षांनी, हे तो ठरवतो. यात घाई केली तर गुणी पोरगं वाया जातं, आणि उशीर केला तरी जातंच, कारण पैलवानाची उमेदीची वर्षं मोजकी. पुण्याच्या गोकुळ वस्ताद तालमीत हरिश्चंद्र बिराजदारमामांनी, किंवा कोल्हापुरात गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरी या तालमींतल्या वस्तादांनी जे केलं, त्यात डावपेच शिकवणं हा एक भाग झाला. पोराला कुणापुढं कधी उभं करायचं, ही दुसरी विद्या. तिच्याबद्दल मी तरी छापलेलं फारसं वाचलं नाही.

आता पैशाचं. पूर्वी देणगीदार म्हणजे बागायतदार. आता वर्कशॉपवाला, बिल्डर, वाहतूक ठेकेदार, नगरसेवक. प्रत्येकाला आपल्या नावाची कुस्ती हवी. एक नंबरची कुस्ती कुणाच्या नावानं पुकारायची यावरून टेबलापाशी जी झटापट होते, तेवढी कधीकधी हौद्यातही होत नाही. पत्रिकेवर इनामाचा आकडा मोठ्या टायपात असतो. पण पैलवानाच्या हातात पडणारी रक्कम फोनवर ठरलेली असते, आणि ती पत्रिकेवरच्या आकड्याएवढी असेलच असं नाही, हे मी डोळ्यांनी पाहिलं आहे. जिंकला तर किती, हरला तर किती, बरोबरीत सुटली तर वाटणी कशी, सगळं तोंडी. बहुतेक ठिकाणी तोंडी शब्द पाळतात, हेही सांगायला हवं. पाळला नाही तर मात्र पैलवानाकडे दाखवायला चिठोरंसुद्धा नसतं.

आणि खर्च? दूध, तूप, बदाम, अंडी, मटण, थंडाई, वर आता पावडरचे डबे. आमच्याकडच्या कंत्राटी कामगाराचा महिन्याचा पगार एका पैलवानाच्या खुराकात सहज जिरतो. म्हणजे घरातला एक माणूस कमावणार तो दुसऱ्याला खाऊ घालण्यासाठी. मोठ्या गदेचा मान मिळाला तर नोकरीचं दार किलकिलं होतं. बाकीच्यांचं पोट हंगामावर. दिवाळी सरली की जत्रा सुरू होतात त्या वैशाखापर्यंत. या दिवसांत चालता पैलवान एका आठवड्यात दोन-दोन, तीन-तीन मैदानं घेतो.

आणि दुखणं नेमकं इथं आहे. परवा दुसरं मैदान असलेला माणूस आज जिवावर उदार होऊन लढेल का? खांदा निखळला तर पुढचे सगळे आकडे गेले. मग समोरचाही ओळखीचा निघतो, त्याचंही परवा मैदान असतं, आणि दोघांत न बोलता समझोता होतो. कधीकधी बोलूनही. उत्तरेत अशा लढतीला नूरा कुस्ती म्हणतात. आपल्याकडं वेगळं नाव नाही. लोक नुसतं म्हणतात, “सोडवून घेतली.”

एका गावच्या मैदानात, गाव सांगत नाही, मी स्वतः यात सापडलो. एक नंबरची कुस्ती. दुपारी टेबलापाशी मला कळलं होतं की दोघं बरोबरी करणार. संध्याकाळी मी माइकवर काय पुकारलं? “काटाजोड! निकाली कुस्ती!” सवयीनं म्हणा, भिडेनं म्हणा. वीस मिनिटं दोघांनी एकमेकांच्या मानेवर हात ठेवून खडाखडी केली. हलगीवाला दमला. लोक आधी ओरडले, मग गप्प झाले, आणि ते गप्प होणं ओरडण्यापेक्षा वाईट होतं. उतरताना रोजच्या ओळखीचे एक म्हातारे पैलवान आडवे आले. “शायर, त्यांचं पोट आहे. तुमचं काय होतं?” एवढंच म्हणाले. मला उत्तर सुचलं नाही, अजूनही सुचलेलं नाही. तेव्हापासून ‘निकाली’ हा शब्द मी कुस्ती सुटल्यावरच उच्चारतो.

कुणी म्हणेल, टीव्हीवरची ती परदेशी कुस्ती तर सगळीच ठरवून असते, तिला कुणी नावं ठेवत नाही. खरं आहे, आणि ती आपल्या दारातही येऊन गेली आहे. नाशिक फाटा ओलांडून वाकडमार्गे गेलं की बालेवाडीचं क्रीडासंकुल लागतं. तिथं २०११च्या डिसेंबरात टीएनए या अमेरिकी कंपनीनं एंडेमॉलबरोबर ‘रिंग का किंग’ या मालिकेचं चित्रीकरण केलं. कलर्स वाहिनीवर २८ जानेवारी २०१२पासून ती दिसली. स्कॉट स्टायनरसारखे बाहेरचे नामवंत होते, आपल्याकडचे शिकवून तयार केलेले पैलवान होते. एक हंगाम झाला आणि खेळ आटोपला.

त्या धंद्यातही पडद्यामागं एक टेबल असतं. त्यावरच्या माणसाला बुकर म्हणतात. आमचा माणूस कोण कुणाशी लढणार एवढं ठरवतो, बुकर कोण जिंकणार हेही ठरवतो. नायक कोण, खलनायक कोण, नायकाला कधी पाडायचं म्हणजे पुढच्या वेळी लोक त्याच्यासाठी जीव टाकतील, याचा हिशेब त्याच्याकडे. वस्ताद आणि नाटककार एकाच अंगात. आणि रिंगणातले दोघं खरं तर भागीदार. एकानं दुसऱ्याला डोक्यावरून फेकायचं, पण त्याची मान सांभाळून. ते पडणंही वर्षानुवर्षं शिकावं लागतं, म्हणून मी त्याला सरसकट खोटं म्हणत नाही. शिवाय आता ते उघड आहे. १९८९ साली वर्ल्ड रेसलिंग फेडरेशननं न्यू जर्सी राज्याच्या सिनेटपुढं मान्य केलं की आमची कुस्ती ही करमणूक आहे, खरी स्पर्धा नव्हे. ही प्रामाणिकपणाची हुक्की नव्हती. राज्याच्या क्रीडा मंडळाचे नियम आणि कर यांतून सुटायचं होतं. कारण काही असो, प्रेक्षक जाणूनबुजून तिकीट काढतो. आमच्या मैदानात बसलेला शेतकरी तसा बसलेला नसतो. त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

आणखी एक गंमत. ती बलाढ्य कंपनी आपल्या पैलवानांना नोकर मानत नाही, स्वतंत्र कंत्राटदार मानते. कंत्राटी म्हणजे काय, हे भोसरीत समजावून सांगायची गरज नाही. तरी तिथं करार कागदावर असतो आणि रिंगणात झालेल्या दुखापतीचा खर्च कंपनी करते. आमच्याकडं कागदही नाही. मधल्या वाटेचे प्रयत्न झाले. २०१८ साली झी टॉकीजनं बालेवाडीतच कुस्ती दंगल भरवली: संघ, संघमालक, मॅट, दिवे. मला ती आवडली होती. पण जत्रेतल्या पोरापर्यंत तिचा हात पोचला नाही.

सरकारी मानधन आहे. जानेवारी २०२३मध्ये पुण्यातल्या महाराष्ट्र केसरीच्या वेळी त्यात मोठी वाढही जाहीर झाली. ते मिळतं किताब मिळवलेल्यांना आणि उतारवयातल्यांना. किताबाच्या वाटेवर पाय मोडलेल्याचं काय? वरच्या पातळीवरही सगळं आलबेल आहे असं नाही. १९६१पासून चालत आलेला महाराष्ट्र केसरीचा किताब २०२५ साली दोन संघटनांनी दोन ठिकाणी दिला, अहिल्यानगरला आणि कर्जतला. अहिल्यानगरला तर निकालावरून एका मल्लानं पंचाला लाथ मारली आणि त्याच्यावर तीन वर्षांची बंदी आली. लाथ चुकीचीच. पण वर्षभराचा खुराक, बापाचं कर्ज आणि नोकरीची आशा पंचाच्या एका शिटीवर टांगलेली असते, हेही त्या लाथेत होतं.

पाय मोडलेल्याचं काय, म्हणालो, कारण एक पोरगं माझ्या डोळ्यांसमोर मोडलं. तिसऱ्या नंबरची कुस्ती, समोरचा त्याच्यापेक्षा अंगानं बराच भारी. वस्ताद आजारी म्हणून आले नव्हते, आणि देणगीदाराला हीच जोड हवी होती. टेबलापाशी कुणी नको म्हणालं नाही. गुडघ्याचा आवाज मला माइकपाशी ऐकू आला. मग नेहमीचं झालं. कुणीतरी फेटा सोडला, तो लोकांतून फिरला, मी माइकवरून आवाहन करत राहिलो. दहा-दहा, पन्नास-पन्नासच्या नोटा पडल्या. लोक देतात, भरपूर देतात. पण ऑपरेशनला तेवढं पुरलं नाही. बापानं म्हैस विकली. पोरगं पुन्हा मातीत उतरलं नाही.

आज तो एमआयडीसीत सीएनसी मशिनवर असतो. किंचित लंगडतो. आमच्या भागातल्या बऱ्याच मैदानांत लहान पोरांच्या जोडी तोच लावतो, त्यासाठी रजा टाकून येतो. वहीत प्रत्येक पोराच्या नावापुढं वस्तादाचा मोबाइल नंबर आणि वजन लिहितो. वजनाचा काटा घरून आणतो, तोही स्वतःच्या पैशानं घेतलेला. कमिटीतले त्याला हसतात.

गेल्या हंगामात एक देणगीदार टेबलापाशी आले. त्यांना पुतण्याची कुस्ती अमक्याच पोराशी हवी होती, इनाम वाढवून द्यायची तयारी होती. यानं दोघांना काट्यावर उभं केलं. सात किलोंचा फरक.

“दादा, ही जोड नाही लागत.”

“अरे, पैसे मी देतोय!”

“पैशाचं नाही दादा. ह्याच्या वस्तादाला फोन लावू का? तुम्हीच बोला.”

देणगीदार थोडा वेळ उभे राहिले आणि निघून गेले. त्या कुस्तीचं इनाम बुडालं. यानं वहीत ते नाव खोडलं, दुसरं लिहिलं आणि वही माझ्याकडं सरकवली. “चाचा, रेवड्यांपासून सुरू करा.”